पिनियन सील बदलूनही ऑइल गळतंच? फोर बाय फोर पिकअपची गळती शोधायची पद्धत

पाटणला कराड-चिपळूण रस्त्यावर माझं गॅरेज आहे. कोयनेच्या आणि मोरणेच्या खोऱ्यातल्या फोर बाय फोर पिकअप आणि जुन्या जीप माझ्याकडे येतात. पावसाळा लागला की एकच तक्रार सारखी कानावर येते: "खाली ऑइल पडतंय, मागच्याच महिन्यात सील बदललं होतं."

मोरणा खोऱ्यातल्या एका पिकअपचं मागच्या क्राउनचं पिनियन सील एका पावसाळ्यात तीनदा बदललं गेलं. (क्राउन म्हणजे ॲक्सलच्या मधला गोळा, जो शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवतो. पिनियन म्हणजे शाफ्टच्या बाजूने त्यात शिरणारी दातेरी दांडी, आणि तिच्या तोंडाशी ऑइल अडवणारी रबरी कडी म्हणजे पिनियन सील.) दोनदा दुसरीकडे, तिसऱ्यांदा माझ्याकडे. मी बदललेलं सीलही बाराव्या दिवशी गळायला लागलं. त्या दिवशी ठरवलं, गळकं सील दिसलं की लगेच पाना उचलायचा नाही. सील का गेलं ते आधी शोधायचं. तेव्हापासून ज्या क्रमाने तपासतो, तोच क्रम इथे देतोय. आधी फुकटातलं, मग शंभर-दोनशे रुपयांचं, आणि गिअरबॉक्स उतरवायचं काम अगदी शेवटी.

हे सगळं जुन्या धाटणीच्या गाडीबद्दल आहे: शिडीची चॅसी, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे धाडणारी पेटी), तिथून पुढच्या आणि मागच्या क्राउनला एकेक जॉइंट शाफ्ट, मागे पाटे, आणि गरज पडेल तेव्हाच लिव्हर किंवा बटणाने टाकायचा फोर बाय फोर.

लक्षणं

- रात्रभर उभ्या गाडीखाली डाग. इंजिनखाली, मधोमध, मागच्या गोळ्याखाली की चाकाच्या आत, जागा नीट लक्षात ठेवा.
- गाडी तापल्यावर उग्र जळका वास. मधल्या भागातलं ऑइल उडून सायलेन्सरवर पडतं तेव्हा हा वास येतो.
- मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर ओल. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते.
- जुन्या जीपमध्ये हँडब्रेक धरत नाही.
- चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.
- मागून घूं-घूं आवाज, रेस सोडल्यावर त्याचा सूर बदलतो.
- फिलर बोल्ट (ऑइल भरायचा आणि लेव्हल बघायचा बोल्ट) उघडल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं.
- बाहेर कुठेही थेंब नाही, तरी गिअरबॉक्सची लेव्हल कमी.

या तीनपैकी एकही लक्षण दिसलं तर गाडी जिथे आहे तिथेच थांबवा: ब्रेकच्या ड्रममध्ये ऑइल, थेंबांऐवजी धार, आणि क्राउनचा वाढता आवाज. अशा गाडीने कुंभार्ली घाट उतरायचा नाही. टो करून आणा. दुधाळ ऑइल असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी कामावर काढू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलमध्ये बेअरिंग लवकर गंजतात.

पहिली तपासणी: काय गळतंय? (खर्च शून्य)

संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा आणि खाली मोठा कोरा पुठ्ठा पसरा. पुढच्या चाकांची जागा पेनने आखून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब नेमका कशाखाली पडला ते कळेल.

डिझेल गाडीचं इंजिन ऑइल काळं असतं. नवं टाकलं तरी थोड्याच दिवसांत काळं होतं. गिअर ऑइल मधाच्या रंगाचं, जाडसर, आणि त्याला गंधकाचा उग्र वास. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. लाल आणि पातळ असेल तर ते एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. पॉवर स्टिअरिंगमध्ये बहुधा तेच असतं, काही गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्येही तेच घालतात, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक बघून घ्या. ब्रेकचं ऑइल फिकट पिवळं आणि बोटाला पाण्यासारखं पातळ लागतं. ते रंग खातं, हात लगेच धुवा. एसीचं पाणी नुसतं पाणीच असतं. त्या पाण्याला गळती समजून आलेल्या गाड्याही मी परत पाठवल्या आहेत.

किती गळतंय तेही मोजा. अर्ध्या तासाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४८. वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला दोन आणि महिन्याला साठेक मिलिलिटर. क्राउनमध्ये साधारण दीड ते अडीच लिटर ऑइल बसतं, त्यामुळे एवढ्या गळतीने आठवड्यात क्राउन जळत नाही. पण चालत्या गाडीत ऑइल तापतं, पातळ होतं, उडतं, आणि गळती उभ्या गाडीपेक्षा जास्त होते. नुसती ओल असेल, थेंब सुटत नसेल, तर पुसा, लेव्हल बघत राहा आणि पावसाळ्यानंतर काम काढा. थेंब पडत असतील तर पुढे वाचा.

दुसरी: धुवा आणि पावडर मारा (खर्च एका पावडरच्या डब्याचा)

चालत्या गाडीखालचा वारा ऑइल मागे ढकलतो. ट्रान्सफर केसचं पुढचं सील गळलं तर ओल गिअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरवर दिसते आणि थेंब आणखी मागे पडतो. म्हणून थेंब पडतो तिथे गळती आहे असं कधीच धरायचं नाही. सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

डिझेल आणि ब्रशने खालचा सगळा मळ काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. वॉशिंगच्या दाबाचं पाणी सीलवर आणि ब्रीदरवर सरळ मारू नका, त्यानेच पाणी आत जातं. मग संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर फुंकून पातळ थर बसवा आणि कोरड्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवा. ऑइल जिथून निघतं तिथून पावडरवर ओली रेघ उमटते, अगदी भिंतीवर पाणी झिरपल्यासारखी. टॉर्च घेऊन रेघ उलटी वर चढवत न्या.

मळलेल्या गाडीखाली बसून केलेला अंदाज चुकतो. माझाही चुकलेला आहे. अर्ध्या दिवसाच्या या धुण्याने कितीतरी वेळा गिअरबॉक्स उतरवायचं काम वाचलं आहे.

तिसरी: ब्रीदर (खर्च शून्य ते दोनशे रुपये)

गळती परत परत होत असेल तर माझा पहिला संशय ब्रीदरवर. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रत्येकाला हवा आत-बाहेर करायला एक छोटी वाट असते. ॲक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी टोपी असते किंवा तिथून रबरी नळी वर गेलेली असते.

घाट चढताना क्राउन तापतो. आतली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली आणि बाहेर पडायला वाट नसेल, तर आतला दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे साधारण ३ पीएसआय (टायरची हवा मोजतो तेच माप). साधं ऑइल सील ऑइल अडवण्यासाठी असतं, हवेचा दाब पेलण्यासाठी नाही. दाब सीलच्या ओठाखालून ऑइल बाहेर ढकलतो. मग तीच तापलेली गाडी ओढ्यात घातली की उलटं होतं: हवा एकदम आकसते आणि सीलच्या त्याच ओठातून पाणी आत ओढलं जातं. आठ दिवसांनी मालक सांगतो, "ऑइल पांढरं झालंय."

मोरणेच्या त्या पिकअपचा ब्रीदर मी चौथ्या खेपेला काढला. टोपी वरून स्वच्छ दिसत होती, बोटाने फिरतही होती. काढून उलटी केली तर आत तांबड्या मातीचा गोळा, विटेसारखा कडक. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं. सुईने टोकरलं तर माती चुऱ्यासारखी पडली नाही, खापरीसारखी तुटली. त्या क्राउनमध्ये चार महिने हवा गेलीच नव्हती आणि आम्ही सीलवर सील बदलत होतो.

तपासायची सोपी रीत अशी. गाडी वीसेक किलोमीटर चालवून आणा, सपाट जागी लावा आणि क्राउनचा वरचा फिलर बोल्ट हळूहळू ढिला करा. फुस्स आवाज आला तर आत दाब आहे, म्हणजे ब्रीदर बंद आहे. तोंड बाजूला ठेवा, हातमोजे घाला, गरम ऑइल उडू शकतं.

ब्रीदर काढून डिझेलमध्ये भिजवा आणि टायरच्या हवेने झटका. तोंड लावून फुंकू नका. मोकळा झाला नाही तर नवा टाका, महाग नसतो. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला मी टोपीऐवजी साधा निप्पल बसवतो, त्यावर डिझेल सहन करणारी रबरी नळी चढवतो, नळी चॅसीवरून मागच्या लाइटपर्यंत उंच नेतो आणि टोक खाली वळवतो. ॲक्सल खालीवर होतो, म्हणून नळीला ढील ठेवा. नळी सायलेन्सरला टेकता कामा नये.

ब्रीदर बंद सापडला तर आत्ताच सील बदलू नका. सगळं पुसून शंभर किलोमीटर चालवा. दाब गेल्यावर बऱ्याच वेळा गळती आपोआप थांबते.

चौथी: लेव्हल (खर्च शून्य)

गाडी सपाट जागी, ऑइल थंड. फिलर बोल्ट उघडा आणि करंगळी आत घाला. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं. बोल्ट उघडताच भडाभडा वाहिलं तर जास्त भरलंय. जास्तीच्या ऑइलला फेस येतो, ते जास्त तापतं आणि ब्रीदरमधून किंवा चाकाच्या सीलमधून बाहेर येतं. गाडी चढाला उभी करून ऑइल भरलं की हीच चूक होते.

एक नियम कायम पाळा: खालचा ड्रेन नट खोलण्याआधी वरचा फिलर बोल्ट उघडतो की नाही ते बघायचं. ऑइल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी तिथेच बसते.

भरताना ऑइल पुस्तकात लिहिलेलंच घाला. क्राउनच्या हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरक्या) दातांना जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. पण गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर तिथे डब्यात उरलेलं जीएल-५ ओतू नका, काही जीएल-५ ऑइल सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना बाधतात. आणि "९० नंबरचं ऑइल गळतंय, १४० नंबरचं घट्ट टाक" हा सल्ला मानू नका. घट्ट ऑइल थंड सकाळी बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, शिवाय गळतं ते गळतंच. बाटलीतलं गळती बंद करणारं औषध रबर फुगवतं, काही दिवस बरं वाटतं, पण सीलच्या ओठाची झीज त्याने भरून निघत नाही.

पाचवी: वायसर, पॅकिंग, बोल्ट (खर्च शंभर-दीडशे)

ड्रेन नटाखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदाच नीट बसतो. नवा मिळत नसेल तर तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तो मऊ होतो आणि पुन्हा बसतो. ॲल्युमिनियमचा असेल तर नवाच आणा. वायसर गळतो म्हणून नट दणकून आवळत जाल तर हाउसिंगचे आटे जातील, आणि मग शंभराचं काम हजारांत जातं.

क्राउनला मागून झाकण असेल तर पॅकिंगच्या जागा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, ब्रेक क्लीनरने कोरड्या करा. सिलिकॉनची रेघ बारीक आणि सलग ओढा, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने. जाड थर लावला तर जास्तीचा सिलिकॉन आत पडतो आणि ऑइलबरोबर फिरतो. बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे आवळा. सिलिकॉन सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, तोवर ऑइल भरू नका.

ड्रेन नटाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा गाळ बघा. करडी मऊ पेस्ट रोजच्या झिजेची असते. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर सीलचा विषय तिथेच थांबवा. आतलं बेअरिंग किंवा क्राउन-पिनियन गेलंय, ते काम क्राउन उघडणाऱ्या मिस्त्रीचं.

सहावी: जॉइंट शाफ्ट आणि पिनियनचा खेळ (खर्च शून्य)

इथून पुढे गाडीखाली जायचं आहे. सपाट कठीण जमीन, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि चाक उचललं तर जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. जुन्या ज्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो, त्यांत जास्त सावध राहा. अशा गाडीचा मागचा जॉइंट सोडला की हँडब्रेकही गेला आणि गिअरची अटकही गेली. मागचं एकच चाक उचललं तरी क्राउनमधून चाकं उलटसुलट फिरू शकतात आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. ठोकळ्यांशिवाय बोल्टला हात लावू नका.

शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा) टकटक लागली तर क्रॉस बदला. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस संपून तो गंजलाय. मग क्राउनच्या तोंडाचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) धरून जोरात वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. गोल फिरवताना थोडी मोकळीक लागते, ती दातांची आहे आणि चालते. पण वर-खाली खेळ अजिबात असता कामा नये. खेळ असेल तर पिनियनचं बेअरिंग गेलंय. शाफ्ट लंगडत फिरतो, सीलचा ओठ एका बाजूला उघडतो आणि नवं सीलही महिन्याभरात गळतं. अशा वेळी सील बदलून मालकाचे पैसे घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हरला एक प्रश्न विचारा: कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून गाडी चालवता का? या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून हिशेब जुळतो, डांबरावर जुळत नाही. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि बेअरिंगमध्ये साचतो. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर असतील तर फोर बाय फोर टाकल्यावर सरळ रस्त्यावरही तेच होतं.

सातवी: पिनियन सील बदलणं (सील काहीशे रुपये, अर्धा दिवस)

ब्रीदर मोकळा, लेव्हल बरोबर, खेळ नाही, आणि पावडरवरची रेघ सीलपासूनच निघतेय. एवढं नक्की झालं तरच सील काढा.

आधी पुस्तकात बघा, पिनियनच्या बेअरिंगचा ताण शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) धरलाय की दबणाऱ्या स्लीव्हने (आवळल्यावर चेपणाऱ्या नळकांड्याने). शिम असेल तर नट दिलेल्या टॉर्कला आवळता येतो. दबणारी स्लीव्ह असेल तर नट जास्त आवळला गेला की स्लीव्ह आणखी दबते, बेअरिंग घट्ट होतं आणि तापून जातं. ती स्लीव्ह परत फुगत नाही. म्हणून खोलण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँज यांवर पंचने एका रेषेत खुणा करा, नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजा, आणि फ्लँज फिरवायला लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजून लिहून ठेवा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून काट्याने हळू ओढायची. चाकं उचललेली आणि ब्रेक कुठे घासत नसलेले हवेत. जोडताना खूण आणि जोर दोन्ही जुळले पाहिजेत. ते मोजायची सोय नसेल तर हे काम स्वतः करू नका.

फ्लँज हातात आल्यावर सीलचा ओठ जिथे घासतो ती चकाकती पट्टी पुसा आणि तिच्यावरून नख आडवं ओढा. नख अडकलं तर खाच पडली आहे. मोरणेच्या त्या गाडीत माझं नख अडकलंच, शिवाय खाचेत बारीक तांबडी माती बसलेली होती, आणि ती माती प्रत्येक नव्या सीलचा ओठ कापत होती. ब्रीदरचा दाब एक कारण, ही खाच दुसरं. दोन्ही दूर झाल्याशिवाय कोणतंही सील टिकणार नव्हतं.

खाचेवर उपाय तीन. नवा फ्लँज. तो मिळत नसेल तर फ्लँजवर चढवायची पातळ स्टीलची बांगडी, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, म्हणजे जुन्याच मापाचं सील चालतं. तिसरा उपाय, हाउसिंगमध्ये जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर बाहेर बसवायचं, ओठ कोऱ्या जागेवर येतो. फ्लँजला सँडपेपर मारायचाच असेल तर बारीक, आणि फक्त गोलाकार फिरवून. तिरके ओरखडे पडले तर ते आट्यांसारखं काम करतात आणि फिरता शाफ्ट ऑइल पंपासारखं बाहेर काढतो.

सीलवर तीन आकडे असतात, समजा ३५-६२-१०: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुनं सील दुकानात नेऊन आकडे जुळवा. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही. बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. ओठाला ऑइल लावा, कोरडं सील पहिल्याच फेरीत करपतं. सीलच्या कडेच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन हळूहळू, चारी बाजूंनी सारखं ठोका. हातोडी सरळ सीलवर मारली की पत्रा वाकतो आणि ते सील गळणारच.

आठवी: ट्रान्सफर केस

मागच्या तोंडाचं सील, पुढच्या तोंडाचं सील आणि लिव्हरच्या दांड्याची ओ-रिंग, या तीन जागा. जुन्या जीपमध्ये मागचं सील गळलं की ऑइल सरळ हँडब्रेकच्या ड्रममध्ये जातं. नुसती तार आवळून तो हँडब्रेक धरत नाही. सील बदला आणि लायनरही बदला.

बाहेर थेंब नाही आणि गिअरबॉक्स कमी, हे लक्षण असेल तर त्याच दिवशी ट्रान्सफर केसचा फिलर बोल्ट उघडा. तिथून जास्तीचं ऑइल वाहिलं तर दोघांच्या मधलं सील गेलंय आणि ऑइल एका पेटीतून दुसरीत जातंय. फक्त गिअरबॉक्स भरत राहाल तर ट्रान्सफर केस तुडुंब होईल आणि तिची बाहेरची सीलं गळायला लागतील. मग माणूस ती बदलत बसतो. मधल्या सीलसाठी ट्रान्सफर केस उतरवावी लागते. ती एकट्याने छातीवर घेऊन उतरवायची वस्तू नाही. गॅरेजला द्या.

नववी: चाकाच्या आतलं ऑइल

ड्रममध्ये ओल आहे तर आधी वास घ्या. गंधकाचा वास म्हणजे ॲक्सलचं ऑइल, ॲक्सल सील गेलंय. वास नाही, पातळ आहे आणि ब्रेकच्या डब्याची लेव्हल उतरलीय, तर चाकाचा ब्रेक सिलिंडर गळतोय. दोन्ही कामं वेगळी, पण गाडी दोन्हीत थांबवायची.

ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुतला किंवा भाजला तरी तापल्यावर ऑइल परत वर येतं. लायनर नवे टाका, आणि दोन्ही बाजूंचे एकदम. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढणारच. सील बदलण्याआधी चाकाच्या बेअरिंगचा खेळ बघा. खेळ असेल तर बेअरिंग आणि सील एकत्र बदला. काही ॲक्सलवर बेअरिंग प्रेसने चढवावं लागतं, ते घरी ठोकून बसवू नका. ब्रेकचं काम तुम्ही याआधी कधी केलं नसेल तर ही तपासणी वासापाशीच संपवा आणि मिस्त्रीला बोलवा.

पुढच्या ॲक्सलला बंद गोळ्याचा नकल (चाक वळवणारा, गोळ्यात झाकलेला सांधा) असेल तर गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर असणारच. पातळ काळं पाणी टपकत असेल तर आतलं सील गेलंय आणि ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर ते नवं सीलही फाडतात. पुढे सुटे सस्पेन्शन असेल तर रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस शोधा. फाटलेला बूट (सांध्यावरचं रबरी कव्हर) लवकर बदलला तर बुटातच भागतं, चिखल आत गेल्यावर सगळा जॉइंट बदलावा लागतो.

दहावी: बेल हाउसिंग

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब. काळं असेल तर इंजिनचं मागचं सील, मधाच्या रंगाचं आणि वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं, पातळ आणि बिनवासाचं असेल तर क्लचचा सिलिंडर.

काळं असेल तर गिअरबॉक्स उतरवायचं ठरवण्याआधी दोन गोष्टी करा. टॅपेट कव्हरपासून (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणापासून) खाली ओल आहे का ते बघा, बऱ्याचदा ऑइल तिथून उतरून बेल हाउसिंगवर पडतं. आणि इंजिनच्या ब्रीदरची नळी मोकळी आहे का ते बघा. ती तुंबली की इंजिनातही तसाच दाब साचतो आणि मागचं सील ऑइल सोडतं. नळी मोकळी असूनही चालू इंजिनचं ऑइलचं झाकण ढिलं केल्यावर ते थाडथाड उडत असेल आणि धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. नुसतं सील बदलून ते दुखणं जाणार नाही.

सील खरंच गेलं असेल तर हे काम घरी करायचं नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही उतरतात, वजन मोठं, आणि इनपुट शाफ्टवर लटकलेल्या गिअरबॉक्सने नवी क्लच प्लेट वाकते. मिस्त्रीला एवढं मात्र सांगा: उतरवलंच आहे तर इंजिनचं मागचं सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम बदला. ऑइल लागलेली क्लच प्लेटही बदलाच. मजुरी एकदाच पडते.

काम झाल्यावर पुन्हा धुवा, पावडर मारा, पुठ्ठा पसरा. ५० किलोमीटरवर एकदा आणि ५०० किलोमीटरवर एकदा लेव्हल बघा. ओढ्यातून वारंवार जात असाल तर पावसाळ्यात पंधरा दिवसांनी फिलर बोल्ट उघडून ऑइलचा रंग बघा.

मोरणेच्या त्या पिकअपला फ्लँजवर बांगडी चढवली, नवं सील टाकलं आणि ब्रीदरची नळी मागच्या लाइटपर्यंत नेली. दोन पावसाळे उलटले. परवा ती गाडी क्रॉसला ग्रीस मारायला आली होती, तेव्हा मी खाली जाऊन क्राउनच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, कोरडी.